सोसायटीच्या भिंतीवर गोधडी चालते, कठड्यावर चालत नाही!

घाटावरची_ठाणेकर · ३ मे, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज राहवलं नाही म्हणून धागा काढतेय.

आम्ही वर्तकनगरला राहतो. म्हाडाच्या जुन्या इमारती पाडून उभ्या राहिलेल्या नव्या सोसायटीत, सातव्या मजल्यावर. आई चार वर्षांपासून आमच्याकडे आहे. मूळची पाटणकडची. मागच्या आठवड्यात तिनं थंडी सरली म्हणून तिच्या दोन गोधड्या धुतल्या आणि गॅलरीच्या कठड्यावर वाळत टाकल्या. संध्याकाळी वॉचमन लिफाफा घेऊन दारात. 'इमारतीच्या दर्शनी भागास बाधा येईल अशा रीतीने कपडे, अंथरूण-पांघरूण वाळत घालू नये.' दंड रुपये ५००.

इथवर ठीक. नियम आहे, मान्य. पण दोनच दिवसांनी ग्रुपवर रस्त्याकडच्या कंपाउंडच्या भिंतीचं डिझाइन आलं. साठ फूट लांब, सहा फूट उंच भिंत, आणि तिच्यावर रंगवायचं काय, तर 'पारंपरिक महाराष्ट्रीय गोधडी'. चौकोन, त्रिकोण, कडेनं जरीकाठ, खाली वळणदार अक्षरांत 'आपला वारसा'. लगेच सगळ्यांचे अंगठे. नोटिशीवर ज्यांची सही त्यांचाही अंगठा.

मी आईला ते चित्र दाखवलं. तिनं चष्मा लावून मोबाइल लांब धरला, जवळ धरला, आणि विचारलं, "टाके कुठायत?"

खरंच नव्हते. रंगीत तुकडे एकाला एक लागून, बाथरूमला फरशी बसवावी तसे. आता ज्यांनी गोधडी शिवताना पाहिलीय त्यांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी लिहिते. वरचे रंगीत तुकडे हा गोधडीचा दिसणारा भाग. खाली अस्तराला एक धड लुगडं. मधल्या थरात जे इतकं विरलंय की वर दाखवायची सोय नाही ते: फाटकं धोतर, बाबांच्या बनियन, परकर. मग वर ठिगळं. हे सगळं जमिनीवर ताणून अंथरायचं, कडा दुमडून घ्यायच्या आणि कडेनं धावदोरा घालत शिवत निघायचं. एक फेरा झाला की बोटभर आत सरकून दुसरा. एकात एक चौकोन होत होत मध्यावर यायचं. पाण्यात खडा टाकल्यावर वलयं बाहेर जातात, गोधडीत ती आत येतात. दोरा कापडाला ओढून धरतो, आणि दोन-चार धुण्यांत दोन ओळींच्या मधे ती बारीक सुरकुती उठते. हात फिरवला की नांगरलेल्या वावरासारखी लागते. गोधडी ती सुरकुती आहे. तिच्याशिवाय नुसतं ठिगळकाम.

दुसरी गोष्ट आईनं सांगितली ती मला माहीत होती, पण विसरले होते. घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण डोक्यावर घेऊन बायका कोयनेवर जायच्या. आपटून, तुडवून धुवायच्या. ओली गोधडी एकटीला पिळवत नाही, दोघी लागतात, एक इकडून एक तिकडून. मग खडकांवर, झुडपांवर, वाळूत पसरायच्या. अख्खा काठ गोधड्यांनी भरायचा. आणि वाळेपर्यंत काय करायचं? एकमेकींच्या बघायच्या. "ही कुणाची गं? टाका लांब घातलाय." "हिचं लुगडं मी ओळखलं, हिच्या सासूचं." कुणाकडे नवं काय आलं, कुणाकडे काय फाटलं, सगळं गावासमोर. प्रदर्शन म्हणा, परीक्षा म्हणा.

म्हणजे वाळत घालणं हेच गोधडीचं दाखवणं होतं. आमच्या सोसायटीनं त्याला दंड लावला आणि भिंतीवर तिचा फोटो लावायला निघाली.

रविवारी मीटिंग आहे. मला भांडण करायचं नाही. भिंतीवर गोधडी यावी असं मलाही वाटतं. पण कशी? काय सुचवू? आणि तुमच्याकडच्या गोधड्यांबद्दलही लिहा.

---

टोपणनाव_नाही · ३ मे, रात्री ११:०५

आईंच्या गोधड्या त्या भिंतीवरच वाळत घाला. रंगाचा खर्च वाचला, दंडही वाचला. हाय काय, नाय काय.

---

शब्दखोर · ४ मे, सकाळी ७:१५

धागा आवडला. एक शंका. पाटण-कराड पट्ट्यात 'वाकळ' म्हणतात ना? कोल्हापूर-सांगलीकडे तर मी वाकळच ऐकलंय. आमच्याकडे (नाशिक) गोधडी. बाळाचं ते दुपटं. कापूस भरलेली असेल तर दुलई, ती पिंजारी भरायचा, तिचा गोधडीशी संबंध नाही. सीमेपलीकडे बेळगाव-धारवाडला 'कौदी'. उत्तर कन्नडमधल्या सिद्दी (मूळच्या आफ्रिकी वंशाच्या) बायकांची 'कवंदी' याच कुळातली, त्याही कडेकडून शिवत आत येतात. त्या चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या त्रिकोणी तुकड्यांची फुलं लावतात. फुलं नसली तर कवंदी उघडीनागडी समजतात.

अवांतराबद्दल क्षमस्व, पण भिंतीवर लिहायचं झालं तर शब्द तरी नीट लिहा.

---

घाटावरची_ठाणेकर · ४ मे, सकाळी ८:३०

@शब्दखोर, बरोबर. आई वाकळच म्हणते. मी ठाण्यात शाळेत गेले आणि गोधडी म्हणायला लागले. वर्गात वाकळ म्हटल्यावर मुली हसल्या होत्या. आज लिहितानाही हात आपोआप 'गोधडी'कडे गेला बघा.

---

नियमावली · ४ मे, सकाळी ९:५०

मी कल्याण रोडला एका सोसायटीचा सेक्रेटरी आहे (तुमचा नव्हे!), त्यामुळे खलनायकाची बाजू मांडतो.

ओली गोधडी हलकी नसते. आमच्याकडे पाचव्या मजल्यावरून एक सुटली ती खाली उभ्या स्कूटरच्या आरशावर. माणूस असता तर? दुसरं, पाणी. सातव्या मजल्यावरची गोधडी दोन तास निथळते, आणि ते पाणी सहाव्या, पाचव्या, चौथ्या मजल्यावरच्या वाळलेल्या कपड्यांवर. तक्रार माझ्याकडे येते. रंग जाणारं कापड असेल तर मग बघायलाच नको. 'दर्शनी भाग' हा शब्द हास्यास्पद आहे, कबूल. पण नियमामागे नुसता नखरा नाही.

गच्चीवर वाळत घाला की. गच्ची कशाला असते?

---

घाटावरची_ठाणेकर · ४ मे, सकाळी १०:२०

गच्चीला कुलूप. किल्ली कमिटीकडे. सोलर पॅनेल आणि टाक्यांची सुरक्षितता.

---

नियमावली · ४ मे, सकाळी १०:२४

हं. हे मात्र चूक आहे.

---

खाडीपलीकडे · ४ मे, दुपारी १:४०

कोपरखैरण्यातून लिहितोय. वडील माथाडी. मशीद बंदर-भायखळ्याचा घाऊक बाजार तुर्भ्याला आला तसे आम्हीही खाडी ओलांडून इकडे आलो. आमच्या चाळीत सातारा, सांगली, जुन्नर, सगळा घाट नांदतो. त्यामुळे वाकळीला इथे तोटा नाही.

आमच्या आईची वाकळ मला पाठ आहे. मधोमध हिरवं इरकली, आत्याच्या लग्नातलं. उजव्या कोपऱ्यात खाकी चौकोन, माझी शाळेची चड्डी. गोणपाटासारखं जाड काहीतरी, ते वडिलांच्या पाठीवरचं फडकं, पोतं उचलताना घ्यायचे ते. झोप येत नसली की मी बोटानं चाचपत एकेक माणूस मोजायचो. आई म्हणायची, सगळे आले का रे पांघरुणात?

आता घरात सगळ्या नायलॉन-पॉलिस्टर साड्या. त्याच्या वाकळी होत नाहीत. म्हणजे होतात, पण दोरा सरकतो, घाम शोषत नाही, आणि रात्री अंगावरून घसरून जमिनीवर. सुती लुगडं पन्नास वेळा धुतलं की लोण्यासारखं होतं. पॉलिस्टर पन्नास वेळा धुवा, पहिल्या दिवशीसारखंच. ते जुनं होतच नाही, मग त्याची वाकळ कुठून व्हायची.

आणि एक. पावसाळ्यात खाली ओल येते म्हणून आमच्या गल्लीत अस्तराला सर्रास फ्लेक्स. वर आजीचं लुगडं आणि खाली 'आपल्या लाडक्या नेतृत्वास वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'. ही गोधडी रंगवा म्हणावं भिंतीवर, वारसा जिवंत आहे!

---

टोपणनाव_नाही · ४ मे, दुपारी १:५२

नेतृत्व शेवटी जनतेच्या पाठीशी उभं राहिलं.

(पाठीखाली, पण चालायचंच.)

---

भिंतरंग · ४ मे, रात्री ९:१०

पोटापाण्यासाठी भिंती रंगवतो. ठाणे, कळवा, नवी मुंबई. त्यामुळे हा धागा माझ्यावरच आहे असं वाटलं.

आधी कबुली. तुम्ही म्हणता तशी 'फरशी' गोधडी मी रंगवली आहे. दर चौरस फुटाला पैसे मिळतात. टाके काढायला बसलो तर चौपट वेळ, पैसे तेवढेच. मास्किंग टेप लावून चौकोन भरले की दिवसात दोनशे फूट होतं. चित्रात टाके का नाहीत, याचं उत्तर हे.

दुसरं, वारलीचं काय झालं ते आठवा. पालघर वेगळा झाला २०१४ मध्ये, त्याआधी तो सगळा भाग आपल्याच ठाणे जिल्ह्यात. वारल्यांकडे लग्नात सवाष्णी गेरूनं सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठानं चौक लिहितात. 'लिहितात' म्हणतात, काढतात नाही. चौकात पालघट देवी. त्याशिवाय लग्न लागत नाही. जिव्या सोमा मशे यांनी ते कागदावर, कापडावर आणलं, जगभर नेलं, २०११ ला पद्मश्री मिळाली. आणि आम्ही काय केलं? उड्डाणपुलाच्या प्रत्येक खांबावर तारप्याच्या नाचाचं वर्तुळ. मी स्वतः ते इतक्या वेळा काढलंय की झोपेत हात फिरेल. चौक मात्र मला आजवर एकाही गिऱ्हाइकानं मागितला नाही. गोधडीचं तेच होणार, तुकडे राहणार, टाके जाणार.

आता कामाचं. मे महिन्यात रंगवू नका. कंपाउंडच्या भिंतीला एका बाजूनं माती असते, ती ओल ओढते, पहिल्या पावसात लोणा, म्हणजे भिंतीतला क्षार, बाहेर येतो. त्यावर ऑइल पेंट मारला असेल तर ओलीला वाट मिळत नाही, गणपतीपर्यंत पापुद्रे सुटतात. गोधडी फाटली असं लोक म्हणतील. दसऱ्यानंतर, भिंत वाळली की बाहेरच्या कामाचा प्रायमर आणि ॲक्रिलिक.

टाक्यांसाठी एक युक्ती आहे, मी एकदाच केलीय, एका बंगल्याच्या ओट्याला. भिंतीला नवा गिलावा करायचाच असेल तर तो ओला असताना सुतळी ताणून दाबायची, मग उचलायची. खाच पडते. बोटभर अंतरावर अशा ओळी घेतल्या की मधला भाग किंचित फुगल्यासारखा दिसतो. सकाळचं तिरपं ऊन आलं की सावल्या पडतात. रंग साधाच द्यायचा. त्या ओट्यावर आजी येऊन हात फिरवून गेल्या होत्या. माझ्या कामावर कुणी हात फिरवल्याची ती एकच वेळ.

---

नियमावली · ४ मे, रात्री ९:४५

@भिंतरंग, प्रतिसाद आवडला. भिंती रंगवायची लाट आली ती स्वच्छतेच्या स्पर्धांबरोबर. आमच्या गेटशेजारी गाडगेबाबांचं चित्र आहे, हातात झाडू, डोक्यावर फुटकं मडकं. तुमचा धागा वाचून आज मुद्दाम जाऊन पाहिलं. बाबा चिंध्यांची गोधडी पांघरायचे, लोक त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणायचे. आमच्या भिंतीवर त्यांच्या अंगावर काय असेल? एकसारखा कोरा भगवा झगा. एक ठिगळ नाही. सहा वर्षं रोज समोरून जातोय, दिसलं नव्हतं.

---

सिनसिनाटीकर · ५ मे, पहाटे ४:३०

मूळची नौपाड्याची, सध्या ओहायोत. इथलं उदाहरण कदाचित उपयोगी पडेल.

इथून पूर्वेला तास-दीड तासावर ॲडम्स काउंटी आहे. डोंगराळ, शेतीवाडीचा भाग. तिथे डॉना सू ग्रोव्ह्ज नावाच्या बाईंनी आपल्या आईच्या, मॅक्सीनच्या, मानासाठी ठरवलं की शेतावरच्या तंबाखूच्या जुन्या कोठारावर क्विल्टचा (म्हणजे तिकडच्या गोधडीचा) एक चौकोन रंगवायचा. आई क्विल्ट शिवणारी. हे बरीच वर्षं नुसतं बोलण्यातच राहिलं. शेवटी २००१ मध्ये गावातल्या लोकांनी मिळून पहिला चौकोन लावला, 'ओहायो स्टार' नावाचा, तोही दुसऱ्याच एका शेतावर. आईच्या कोठाराचा नंबर नंतर लागला. मग एकाचं बघून दुसऱ्यानं, करत करत ते केंटकी, आयोवा, टेनेसी, कॅनडापर्यंत गेलं. लोक गाड्या काढून हे चौकोन बघत फिरतात. मीही फिरलेय, मुलं मागे कंटाळून झोपलेली.

दोन गोष्टी लक्षात आल्या. एक, ते लोक भिंतीवर थेट रंगवत नाहीत. बहुतेक ठिकाणी आठ फूट बाय आठ फुटांच्या प्लायवूडवर रंगवून तो वर चढवतात. खराब झाला, उतरवला, पुन्हा रंगवला. दोन, प्रत्येक चौकोन कुणाच्या तरी घरातल्या खऱ्या क्विल्टवरून निवडता येतो. "ही आमच्या आजीची नक्षी" असं दाखवणारी माणसं भेटतात.

पण त्यांची क्विल्ट आणि आपली गोधडी यांत फरक आहे. तिथल्या नक्षीला नावं असतात: लॉग केबिन, बेअर्स पॉ, फ्लाइंग गीज. भूमितीची नक्षी, ठळक रंग. साठ मैलांच्या वेगानं जाणाऱ्या गाडीतूनही ओळखू येते. आपल्या गोधडीला नावही नाही आणि ती लांबून बघायची वस्तूही नाही. ती अंगावर घ्यायची, नाकाशी धरायची. म्हणून टाके गेले की आपल्या गोधडीचं जास्त नुकसान होतं. त्यांचा लॉग केबिन मात्र मला आपल्या गोधडीच्या जवळचा वाटतो, मधल्या चौकोनाभोवती पट्ट्या. तो मधला चौकोन पुष्कळदा लाल असतो, तो घरातली चूल असं सांगतात.

अलाबामात जीज बेंड म्हणून वस्ती आहे, तिथल्या कृष्णवर्णीय बायकांच्या क्विल्ट त्याहून आपल्याजवळच्या. शेतात घालायच्या कपड्यांच्या, डेनिमच्या, तिरक्यातिरक्या. २००६ मध्ये त्यांची पोस्टाची तिकिटं निघाली. त्या वस्तीतही रस्त्याकडेला क्विल्टची मोठी चित्रं उभी केली आहेत.

---

घाटावरची_ठाणेकर · ५ मे, सकाळी ८:०५

@सिनसिनाटीकर, चुलीचं वाचून आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग आपला घास."

हे मला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे वाकळ शिवत मध्यावर आली, शेवटचं ठिगळ टाकायचं राहिलं की त्याच्याखाली भाकरीचा वाळका तुकडा नाहीतर चार तांदूळ ठेवायचे आणि वरून शिवून टाकायचं. वाकळीचं पोट रिकामं ठेवायचं नाही. जो पांघरेल तो उपाशी झोपायला नको. मी जन्मभर ज्या वाकळीत झोपले तिच्या पोटात भाकरी आहे हे मला आज कळतंय, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी. मी विचारलं, उंदीर नाही लागत? म्हणाली, "लागतात की. मग ठिगळ लावायचं."

---

शब्दखोर · ५ मे, सकाळी ८:४०

_/\_

(इतरांनी कृपया 'घास' शब्दाच्या व्युत्पत्तीवर माझ्याकडून प्रतिसादाची अपेक्षा करू नये. आज सुट्टी.)

---

चेंदणी_बंदर · ५ मे, दुपारी १२:२०

आमच्या कोळीवाड्यात 'गोधरी'. ड चा र आम्ही आगरी-कोळी करतोच.

रुळांच्या अल्याड-पल्याड वाडा आहे आमचा. गाडी आली १८५३ ला, आम्ही त्याआधीचे. धागाकर्तीचं दुखणं नेमकं ओळखीचं वाटलं. घरासमोर बोंबील-सुकट वाळत घातली की शेजारच्या टॉवरमधून वासाची तक्रार. आणि शहरात सुशोभीकरण निघालं की हमखास टोपलीवाली कोळीण आणि होडी, रंगवलेली किंवा सिमेंटची. सिमेंटच्या कोळणीच्या टोपलीतल्या पापलेटला वास येत नाही, म्हणून ती चालते.

आमच्या आजीच्या गोधरीचा दोरा जाळ्याचा असायचा. मीठ लागून ताठ. गोधरी फाटायची, दोरा नाही.

बाकी चालू द्या.

---

खाडीपलीकडे · ५ मे, दुपारी १२:५५

@चेंदणी_बंदर, वाक्याला दाद. आज रात्री नाव बदलून 'सिमेंटचं पापलेट' घेतो.

---

कोबा · ५ मे, रात्री १०:१५

सगळे प्रतिसाद वाचले. कुणीच वर का बघितलं नाही याचं नवल वाटतंय.

तुमच्या गच्चीवर काय आहे? कुलूप काढून बघा. बहुतेक जुन्या-नव्या इमारतींवर असतं तेच असणार. चायना मोझॅक. फुटक्या टाइलांचे, कपबश्यांचे पांढरे तुकडे. खाली विटांच्या तुकड्यांचा कोबा, त्याला उतार, वर तुकडे. म्हणजे काय? अस्तर, मधला थर, वरून ठिगळं. पावसापासून अख्ख्या इमारतीला पांघरूण. वडील आयुष्यभर हेच काम करायचे, मीही करतो. ते गच्चीला खरंच 'गोधडी घालणं' म्हणायचे. आम्हाला वाटायचं सगळेच तसं म्हणतात.

तर माझी सूचना. रंगवू नका, भिंत मोझॅकची करा. नव्या टाइली आणायच्या नाहीत. फ्लॅटचं काम झालेल्या प्रत्येक घरात माळ्यावर उरलेल्या टाइलींचा एक खोका असतो. 'पुढेमागे फुटली तर लागेल' म्हणून. ती कधी फुटत नाही आणि खोका कधी खाली येत नाही. तो काढा. प्रत्येक घराचा तुकडा लागेल, जसं लुगडं लागतं तसं. कुणाची मोरी, कुणाचं देवघर.

काम अवघड नाही. टाइल पोत्यात घालून फोडायची, नाहीतर कपच्या डोळ्यात. पांढऱ्या सिमेंटच्या ओल्या थरात तुकडे दाबायचे, थापीनं सारखे करायचे, फटी भरायच्या, शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडनं पुसायचं की चमकतं. कडेकडून लावत मध्यावर या, आई शिवतात तसं. तुकड्यांच्या मधली सिमेंटची रेघ हाच तुमचा टाका. पाऊस लागला तर धुऊन निघेल. लोण्याचं दुखणं भिंत आधी खरवडून नीट गिलावा केला तर मोझॅकला सहसा होत नाही.

---

भिंतरंग · ५ मे, रात्री १०:३८

माझ्या पोटावर पाय, पण कल्पना झकास आहे. अक्षरं तरी माझ्याकडून घ्या.

---

नियमावली · ५ मे, रात्री ११:००

तीन प्रश्न. धारदार कडा, फुटपाथवरून मुलं हात घासत जातात. त्याचं काय? साठ फुटांना पुरेल एवढा माल निघेल? आणि 'आमची टाइल वर का नाही, त्यांची मधे का' यावरून होणारं भांडण कोण मिटवणार? तिसरा सगळ्यात अवघड.

---

कोबा · ५ मे, रात्री ११:१२

१. खालचे तीन फूट कडा घासून लावायच्या. वेळ लागतो, होतं.
२. साठ फूट कशाला? आठ फुटांचा एकच चौकोन करा, ओहायोच्या ताईंनी सांगितलाय तेवढा. उरलेली भिंत साधी, एका रंगाची. गोधडी काय दोरीभर एकच असते का.
३. ते तुमचं काम. सेक्रेटरी तुम्ही.

---

टोपणनाव_नाही · ५ मे, रात्री ११:२०

आमच्या घरी टाइलींचे तीन खोके आहेत. पाठवू का? बायकोला कळायच्या आत.

---

घाटावरची_ठाणेकर · ११ मे, रात्री ९:३०

मीटिंग झाली. सगळं सांगत बसत नाही, पार्किंगवर दीड तास गेला, भिंतीला वीस मिनिटं.

पावसाआधी रंगवायचं नाही हे लगेच मान्य झालं, लोण्याचं ऐकून खजिनदार घाबरले. (@भिंतरंग, आभार.) मोझॅकवर मतं फुटली. एक काका म्हणाले फुटक्या टाइली म्हणजे डेब्रिज, गेटवर डेब्रिज लावायचं का. मी म्हटलं, फाटक्या लुगड्यांनाही कुणी तेच म्हणालं असेल. ते गप्प झाले, पण पटलं नाही. शेवटी आठ फुटांचा एक चौकोन दिवाळीपर्यंत करून बघायचा, आवडला नाही तर पेंटर, असं ठरलं. मीटिंग संपेपर्यंत अकरा जणांनी आपले खोके कबूल केले. तळमजल्यावरच्या आजींकडे जुन्या इमारतीतल्या मोरीची फरशी निघाली, पाडकामाच्या दिवशी पिशवीत घालून आणलेली. कशाला आणली विचारलं तर त्यांनाच सांगता येईना.

आणि गच्ची. हे माझ्यामुळे नाही, आईमुळे. तिनं चहाच्या वेळी बायकांना विचारलं, तुम्ही आपल्या कुठं वाळवता? निघालं असं की बाराजणींकडे गोधड्या आहेत, सगळ्या कपाटात, धुवायची सोय नाही म्हणून. एकीकडे फ्लेक्सची सुद्धा, @खाडीपलीकडे! तर नवरात्राआधीचे दोन दिवस गच्चीची किल्ली वॉचमनकडे राहील. टाक्यांना हात लावायचा नाही, दोरी आपली आणायची, संध्याकाळी सहाच्या आत उतरवायच्या. लेखी ठराव झालाय.

आई आतापासून कुणाचा टाका कसा असेल याचे अंदाज बांधतेय. चौथ्या मजल्यावरच्या बाईंचा तिला लांब वाटतो.

---

टोपणनाव_नाही · ११ मे, रात्री ९:४१

ते सगळं ठीक. दंडाचे ५०० भरले का?

---

घाटावरची_ठाणेकर · ११ मे, रात्री ९:५०

भरले. पावतीवर 'इतर जमा' असं लिहिलंय.